टाकीत अचानक पिल्लं दिसली तर

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

माशांच्या टाकीत काहीतरी हललं म्हणून वाकून पाहावं, तर पानाआडून टाचणीच्या डोक्याएवढे दोन काळे डोळे दिसावेत. या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न इथूनच सुरू होतात. पिल्लू कोणाचं हे ठरल्याशिवाय त्याला वाचवायचा उपाय सांगता येत नाही, कारण गप्पी माशाचं पिल्लू ज्या कारणाने मरतं त्या कारणाने झेब्रा माशाचं मरत नाही. म्हणून ओळखीच्या प्रश्नांना आम्ही जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: माझ्या ६० लिटरच्या टाकीत तीन काळ्या मोली आहेत. तिन्ही माद्या, नर कधीच नव्हता. आणून पाच आठवडे झाले. काल सकाळी फिल्टरच्या मागे आठ-नऊ काळी पिल्लं दिसली. नर नसताना हे कसं शक्य आहे? आणि आता लगेच काय करायचं?

उत्तर: मोलीच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे. मोली, गप्पी, प्लॅटी आणि स्वोर्डटेल अंडी घालत नाहीत, थेट पोहणारी पिल्लं देतात. यांच्या माद्या नराचे शुक्राणू शरीरात कित्येक महिने साठवून ठेवतात. एकदा नराशी संग झाला की पुढची तीन-चार वेतं तेवढ्यावर होऊ शकतात. विक्रीच्या टाकीत नर-माद्या एकत्रच असतात, त्यामुळे घरी आणलेली मोठी मादी गाभण आहे असंच धरून चालावं. दोन वेतांत गप्पीचं अंतर तीन ते चार आठवडे, मोलीचं चार ते सहा आठवडे असतं. पाणी थंड असेल तर ते लांबतं. म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा पिल्लं होतील, याची तयारी आजपासून ठेवा.

तिन्ही खरोखर माद्याच आहेत ना, हेही एकदा तपासा. पोटाखाली मागच्या बाजूला असलेला पर पंख्यासारखा पसरट असेल तर मादी; तोच पर काडीसारखा बारीक होऊन मागे वळलेला असेल तर नर. मोलीच्या काही नरांमध्ये ही काडी उशिरा तयार होते, तोवर ते मादीच वाटतात.

आज करायची कामं थोडी आहेत. फिल्टर पाणी ओढतो त्या तोंडावर स्पंजचा तुकडा किंवा नायलॉनच्या जुन्या मोज्याची एक घडी घालून रबर लावा. फिल्टर उघडून आतल्या कप्प्यात बघा, तिथे एक-दोन जिवंत पिल्लं सापडण्याची बरीच शक्यता असते. जावा मॉस, हॉर्नवर्ट किंवा कुठलीही दाट, तरंगती वनस्पती एका कोपऱ्यात ओंजळभर सोडा. पुढचे काही दिवस खडी सायफनने (पाणी ओढायच्या नळीने) उपसू नका. मोलीचं पिल्लू जन्मतःच सेंटीमीटरभर असतं आणि काही तासांत बोटांनी चुरलेलं फ्लेकचं, म्हणजे पापुद्र्यांसारख्या सुक्या खाद्याचं, पीठ खाऊ लागतं. बाकी घाई कशाचीच नाही.

प्रश्न: टाकीत गप्पी, झेब्रा, कॉरी आणि गौरामीची एक जोडी असे सगळे एकत्र आहेत. काचेच्या काडीसारखं, जेमतेम ४ मिलिमीटरचं काहीतरी पोहताना दिसलं. पिल्लूच आहे, डोळे दिसतात. पण कोणाचं?

उत्तर: दिवसा, वरून पाहून हे ठरणार नाही. टाकीचा दिवा मालवल्यावर अर्ध्या तासाने टॉर्च घ्या आणि बाजूच्या काचेतून आडवा धरा. वरून पडलेला प्रकाश पारदर्शक पिल्लाच्या आरपार जातो. बाजूने पडला की डोळे आणि पोटाची पिशवी उठून दिसते. मागच्या काचेला बाहेरून काळा कागद लावला तर आणखी सोपं. काचेला बाहेरून पट्टी टेकवून मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे मापही कळेल. पिल्लू बाहेर काढायचंच असेल तर पारदर्शक पेला अलगद बुडवून पाण्यासकट घ्या. जाळीत धरलेल्या एवढ्याशा पिल्लाचे पर फाटतात.

मग ते कुठे बसतं ते बघा. अंड्यातून निघालेलं झेब्र्याचं पिल्लू ३ मिलिमीटरच्या आसपास असतं आणि पहिले एक-दोन दिवस काचेला किंवा पानाला डोकं वर करून उभं चिकटलेलं राहतं. पोहायला लागलं की थोडं सरकतं, थांबतं, पुन्हा सरकतं. कॉरीचं पिल्लू तळ सोडत नाही. डोकं रुंद, शेपटी निमुळती, बेडकाच्या पिल्लाची आठवण व्हावी असा आकार, आणि भिंग लावलं तर तोंडाजवळ इवल्या मिशा. कॉरीची अंडी काचेला चिकटलेली असतात, दीड-दोन मिलिमीटरची, हात लावला तर कडक लागतात. गौरामीची पिल्लं पृष्ठभागाच्या लगेच खाली, बुडबुड्यांच्या घरट्याजवळ घोळक्याने असतात, आणि त्याआधीचे तीन-चार दिवस नर त्या कोपऱ्यात कोणाला फिरकू देत नाही. गप्पीचं पिल्लू मात्र ६-७ मिलिमीटरचं, करड्या रंगाचं आणि भरलेल्या पोटाचं असतं. जन्मल्या क्षणापासून ते सुळकन पळतं. ‘काचेची काडी’ असं वर्णन गप्पीच्या पिल्लाचं कोणी करणार नाही.

तुमच्या वर्णनावरून आमचा कौल झेब्र्याला आहे. गेल्या आठवड्यात घरटं दिसलं असेल आणि गौरामीचा नर इतरांच्या अंगावर धावत असेल, तरच गौरामी धरा. झेब्र्याची मादी एका वेळी शंभरावर अंडी टाकते आणि बाकीचे मासे, ती स्वतःसुद्धा, लगेच ती वेचून खातात. जाड खडीच्या फटीत पडलेली तेवढी वाचतात आणि साधारण तीन दिवसांत फुटतात. म्हणून एक दिसलं तर अजून चार-पाच असतील, पण पन्नास नसतात. तीन-चार आठवड्यांत अंगावर लांबीच्या दिशेने निळसर पट्टे उमटू लागले की शंका उरणार नाही.

गप्पीच्या पिल्लाला फ्लेकचं पीठ चालतं, झेब्र्याच्या पिल्लाला चालत नाही. तोंड इतकं लहान असतं की आपल्या दृष्टीने धूळ असलेला कण त्याला गिळता येत नाही. पोटातला बलक संपला की दोन-तीन दिवसांत ते उपाशी मरतं, भोवती खाणं तरंगत असतानासुद्धा. त्याला काय द्यायचं ते पुढच्या एका उत्तरात सविस्तर दिलं आहे.

कधी टाकीत नसलेल्याच जातीचं पिल्लू सापडतं. नव्या वनस्पतींच्या पानांना चिकटून अंडी येतात, किंवा मासे आणलेल्या पिशवीच्या पाण्यातून पिल्लू येतं. अशा पिल्लाला वेगळं ठेवा आणि ओळख पटेपर्यंत थांबा. दोन सेंटीमीटरचं झालं की आकार बोलू लागतो.

प्रश्न: काचेवर पांढरे धाग्यासारखे बारीक जीव वळवळतात आणि ठिपक्यांएवढे काही उड्या मारत पोहतात. ही पिल्लं आहेत का?

उत्तर: नाहीत. माशाच्या पिल्लाला दोन स्पष्ट डोळे असतात आणि ते एका दिशेने पोहतं. वळवळणारे पांढरे धागे म्हणजे कुजलेल्या खाण्यावर वाढणारे निरुपद्रवी कृमी. झटके देत उडणारे ठिपके सायक्लॉप्स, आणि तिळासारखे गोल, काचेवरून घरंगळल्यासारखे फिरणारे ऑस्ट्राकॉड. सायक्लॉप्सची पिल्लं तर माशांच्या पिल्लांचं उत्तम खाद्य आहेत. हे सगळे एकदम वाढले असतील तर तुम्ही खाणं जास्त टाकता आहात, एवढाच त्याचा अर्थ. काचेवर पारदर्शक जेलीचा गोळा आणि त्यात ठिपके दिसले तर ती गोगलगायीची अंडी. माशांची अंडी अशा जेलीत गुंडाळलेली नसतात.

दोन जीव मात्र पिल्लांच्या टाकीत राहू देऊ नका. पानाला देठाने चिकटलेला, वर तंतू पसरलेला हायड्रा लहान पिल्लांना डंख करून गिळतो. चतुराची अळी, म्हणजे सहा पायांची, तपकिरी, जबडा फेकून भक्ष्य धरणारी, एका रात्रीत कित्येक पिल्लं संपवते. ती बहुधा नव्या वनस्पतींतून येते. पाने टाकीत घालण्याआधी पांढऱ्या तसराळ्यात झटकून बघितली की सापडते.

प्रश्न: पिल्लांसाठी नवी १० लिटरची टाकी आणली, स्वच्छ धुतली, ताजं पाणी भरून दोन दिवस ठेवलं. गप्पीची पंचवीस पिल्लं त्यात सोडली. दिवसातून पाच वेळा खाऊ घालत होते. तिसऱ्या दिवशी निम्मी गेली, पाचव्या दिवशी सगळी. पाणी तर काचेसारखं नितळ होतं.

उत्तर: वाचून वाईट वाटलं, कारण तुम्ही काळजी कमी घेतली म्हणून हे झालेलं नाही. नितळ दिसणारं पाणी आणि राहण्याजोगं पाणी यांत फरक असतो. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो रंगहीन आहे. जुन्या टाकीत स्पंज, खडी आणि काचांवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी विषारी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. धुतलेल्या टाकीत ते नव्हतेच. पाणी दोन दिवस ठेवल्याने नुसता क्लोरीन उडतो, आणि पाण्यात क्लोरामाइन असेल तर तेही होत नाही; त्याला क्लोरीन मारायचं द्रावणच लागतं. त्यात पंचवीस पिल्लं आणि पाच वेळा खाणं, म्हणजे १० लिटरमध्ये अमोनिया झपाट्याने चढला.

पुढच्या वेळी असं करा. टाकी निदान २० लिटरची घ्या. ४० लिटरची असेल तर काम सोपं जातं. तळ मोकळा ठेवा, खडी नको, म्हणजे उरलेलं खाणं लगेच दिसतं. सगळं पाणी मोठ्या टाकीतलंच भरा. एअर पंपावर चालणारा लहान स्पंज फिल्टर लावा, पण तो आधी तीन-चार आठवडे मोठ्या टाकीत चालवलेला असावा. तेवढा वेळ नसेल तर मोठ्या फिल्टरमधल्या स्पंजचा अर्धा भाग कापून नव्या टाकीत ठेवा. तो नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात; टाकीतल्या पाण्यात हलका पिळला तर चालतो. हवेचा जोर इतकाच ठेवा, की बुडबुडे मोजता येतील आणि पिल्लं ढकलली जाणार नाहीत. गप्पीसाठी २४ ते २६ अंश सेल्सिअस तापमान पुरतं. २० लिटरला २५ वॅटचा हीटर आणि वेगळा थर्मामीटर लागतो. हीटरच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नये.

पहिले दोन आठवडे रोज १० ते १५ टक्के पाणी बदला. एअर पंपाची बारीक नळी सायफन म्हणून वापरा, तोंडाला मोज्याचं कापड बांधा आणि पाणी पांढऱ्या बादलीत काढा. चुकून ओढलं गेलेलं पिल्लू पांढऱ्या तळावर लगेच दिसतं आणि परत सोडता येतं. नवं पाणी त्याच नळीने थेंबाथेंबाने सोडा, तापमानात एका अंशापेक्षा जास्त फरक नको. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचा संच घ्या. दोन्ही शून्यच हवेत. पाव पीपीएम (दहा लाख भागांत पाव भाग) दिसला तरी त्याच दिवशी ३० टक्के पाणी बदला आणि खाणं अर्धं करा.

वेगळी टाकी जमणार नसेल तर मोठ्या टाकीच्या आत अडकवायची जाळीची पेटी बरी, कारण पाणी मुरलेलं मिळतं. तिची अडचण अशी, की आत पाणी फिरत नाही आणि उरलेलं खाणं जाळीवर कुजतं. म्हणून बाहेरून एक एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) तिच्या खालीच लावा आणि तळ रोज ड्रॉपरने साफ करा. दीडेक लिटरच्या पेटीत पंधरा-वीस पिल्लं दोन-तीन आठवडे राहतील, जास्त नाही. गाभण मादीला मात्र या पेटीत दिवसेंदिवस कोंडू नका. ती घाबरते, काचेवर आपटते, कधी पोटाला बलकाची पिशवी असलेली कच्ची पिल्लं टाकते. मादीला मोकळं राहू द्या आणि पिल्लं नंतर पेल्याने वेचा. रात्री ती पृष्ठभागाजवळ, कोपऱ्यांत सापडतात.

प्रश्न: उकडलेल्या अंड्याचा बलक पिल्लांना देतात असं ऐकलं. दिला, तर पाणी दुधासारखं झालं. दुसरं काय देता येईल? आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, घरी अंड्यांतून कसे काढायचे?

उत्तर: बलक हा नाइलाजाचा उपाय आहे. हरभऱ्याएवढा बलक कपड्यात बांधून कपभर पाण्यात हलवला आणि त्या पाण्याचे चार-पाच थेंब टाकले, तर एका वेळचं खाणं होतं. त्याहून जास्त पडलं की त्यावर जिवाणू माजतात. पाणी दुधाळ दिसतं ते त्यामुळेच. तेच जिवाणू पाण्यातला प्राणवायूही संपवतात. अर्ध्या तासाने तळाचा साका ओढून काढायलाच हवा. गप्पी, मोली, प्लॅटीच्या पिल्लांना बलकाची गरजच नाही. दोन बोटांत चुरलेलं फ्लेकचं पीठ दिवसातून चार वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, हे त्यांना पुरतं.

झेब्रा, गौरामी, टेट्रा, बार्ब यांच्या पिल्लांना पहिला आठवडाभर इन्फ्युसोरिया लागतो, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव. काचेच्या बरणीत टाकीतलं पाणी घ्या, त्यात जावा मॉसची एक काडी आणि वाळलेलं पान किंवा केळ्याच्या सालीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा टाका. झाकण सैल ठेवून उजेडात, पण थेट उन्हात नाही, ठेवा. एक-दोन दिवसांत पाणी गढूळ होतं. तेव्हा देऊ नका, ते नुसते जिवाणू असतात. तीन ते पाच दिवसांत पाणी निवळतं आणि उजेडासमोर धरलं की हलणारी धूळ दिसते. तेच खाद्य. दिवसातून तीन-चार वेळा ड्रॉपरने ५-१० मिलिलिटर सोडा. पिल्लं दिसल्यावर बरणी लावली तर बहुतेकदा उशीर होतो, म्हणून अंडी दिसली की त्याच दिवशी लावा. अडीअडचणीला जुन्या टाकीतला मॉसचा झुबका पिल्लांजवळ ठेवा, त्याच्या पानांत हे जीव असतातच.

आर्टेमियासाठी एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ विरघळवा. पाणी फार मृदू असेल तर खाण्याच्या सोड्याची चिमूट घाला. पाव ते अर्धा चहाचा चमचा अंडी टाका. बाटली उलटी टांगलेली बरी, निमुळत्या टोकापर्यंत कडक नळी पोचवून जोरात हवा सोडली की अंडी खाली बसत नाहीत. तापमान २६ ते २८ अंश, वर दिवा चालू. २४ तासांत पाणी केशरी दिसू लागतं, थंडी असेल तर ३६ तास लागतात. मग हवा बंद करा आणि एका बाजूने खालच्या भागावर टॉर्च धरा. दहा मिनिटांत रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात आणि जिवंत आर्टेमिया उजेडाकडे केशरी ढगासारखे गोळा होतात. तेवढाच ढग बारीक नळीने ओढून दाट कापडातून गाळा, गोड्या पाण्यात एकदा धुवा आणि द्या. टरफलं टाकीत जाऊ देऊ नका, लहान पिल्लांच्या आतड्यात ती अडकतात. ताजे आर्टेमियाच पौष्टिक असतात. अंड्यातून आणलेला बलक ते दिवसभरात संपवतात. गोड्या पाण्यात ते काही तास जगतात, म्हणून एका वेळी थोडेच सोडा.

पिल्लाने खाल्लं की नाही हे ओळखायला पोटाकडे बघा. आर्टेमिया खाल्लेल्या पिल्लाचं पोट केशरी मण्यासारखं फुगून आरपार दिसतं. पंधरा मिनिटांनीही पोट रिकामं आणि आत ओढलेलं असेल तर दाणा त्याच्या तोंडापेक्षा मोठा आहे.

प्रश्न: फायटरच्या जोडीने पिल्लं दिली. महिनाभर छान होती, आता रोज दोन-तीन मरतात. खाणं आणि पाणी बदललेलं नाही.

उत्तर: फायटर आणि गौरामी पृष्ठभागावरची हवासुद्धा घेतात. त्यासाठीचा अवयव जन्मतः नसतो, तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात तयार होतो. त्या दिवसांत पाण्यावरची हवा थंड किंवा कोरडी असेल तर पिल्लं टिकत नाहीत. टाकीवर काचेचं झाकण ठेवा, फट अगदी थोडी, म्हणजे वरची हवा पाण्याइतकीच उबदार आणि दमट राहील. पृष्ठभागावर तेलकट साय आली असेल तर कागदी रुमाल पाण्यावर अलगद पसरून उचला, साय कागदाबरोबर निघते. तिच्याआड पिल्लांना हवेपर्यंत पोचता येत नाही. याच वयात खाणं वाढतं आणि घाणही वाढते, तेव्हा पाणी बदलण्याचं प्रमाणही वाढवा. नराला तुम्ही पिल्लं आडवी पोहायला लागताच बाजूला केलं असेलच. केलं नसेल तर आज करा.

प्रश्न: एंजलची जोडी फिल्टरच्या नळीवर अंडी घालते आणि दुसऱ्या दिवशी खाऊन टाकते. तिसरी वेळ आहे. काढून घ्यावीत का?

उत्तर: आधी अंडी फळलेली आहेत का ते बघा. फळलेलं अंडं मधाळ, पारदर्शक राहतं आणि साधारण दोन दिवसांत त्यात डोळे दिसतात. सगळीच अंडी पांढरी, कापसासारखी होत असतील तर ‘जोडी’ दोन माद्यांची असू शकते. एंजलच्या दोन माद्याही मिळून अंडी घालतात. काहीच पांढरी होत असतील तर ती वेचून खाणं हे आईबापांचं योग्यच काम आहे, त्याने बुरशी पसरत नाही.

नवी जोडी पहिली काही अंडी खाते, आणि टाकीत इतर मासे असतील तर भीतीनेही खाते. आमचं मत असं, की त्यांना एकटं ठेवून दोन संधी आणखी द्या. तरीही जमलं नाही तर अंडी असलेलं पान किंवा नळी त्याच टाकीच्या पाण्यात बुडवूनच वेगळ्या टाकीत हलवा, हवेत काढू नका, आणि अंड्यांजवळून बुडबुडे जातील असा एअर स्टोन लावा. फुटल्यावर चार-पाच दिवस पिल्लं जागीच शेपटी हलवत राहतात. तोवर खाणं नको. पोहायला लागली की ताजे आर्टेमिया लगेच हवेत, त्याच दिवशी.

कॉन्व्हिक्टची गोष्ट उलट आहे. तिथे आईबाप पिल्लं जिवापाड जपतात आणि धोका बाकीच्या माशांना असतो. साठ सेंटीमीटरच्या टाकीत ते इतरांना एका कोपऱ्यात दाबून मारतात, म्हणून तिथे इतर मासेच हलवावे लागतात. आणि डिस्कसची पिल्लं आईबापांपासून कधी तोडू नयेत, सुरुवातीला ती त्यांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊनच जगतात.

प्रश्न: गोल्डफिशच्या टाकीत सहा पिल्लं वाचली, पण ती मातकट हिरवी आहेत. ही दुसऱ्याच माशाची तर नाहीत?

उत्तर: गोल्डफिशचीच. जन्मतः ती अशाच रंगाची असतात. रंग दोन-तीन महिन्यांनंतर, बहुधा पोटाकडून, बदलायला लागतो. काहींना वर्ष लागतं, काही आयुष्यभर मातकटच राहतात. नराच्या कल्ल्यांवर पांढरे कण आले होते का ते आठवून बघा. पाठलाग आणि अंडी त्याच सुमारास होतात. ते कण रोगाचे समजून औषध घालू नये. सहाही पूर्ण वाढली तर पंधरा-वीस सेंटीमीटरची होतील, तेव्हा जागेचा विचार आत्ताच करा.

प्रश्न: गप्पीची पिल्लं दोन महिन्यांची झाली तरी सेंटीमीटरभरच आहेत. दोन वाकडी आहेत, एक तळाशी घसटत चालतं. काय चुकतंय?

उत्तर: दोन महिन्यांत गप्पीचं पिल्लू दोन सेंटीमीटरच्या जवळ जायला हवं. खुंटण्याची कारणं बहुतेकदा तीनच: गर्दी, चढलेलं नायट्रेट आणि दिवसातून एकदाच मिळणारं खाणं. पिल्लांची संख्या निम्मी करा, आठवड्यात दोनदा २५ टक्के पाणी बदला, खाणं तीन वेळा द्या. पहिल्या सहा आठवड्यांत जी वाढ बुडाली ती पुढे पूर्ण भरून निघत नाही.

तळाशी घसटणाऱ्याचं वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, भरलेलं नाही. अपुऱ्या दिवसांच्या पिल्लात हे होतं. आठवड्यात सुधारलं नाही तर ते पोहणार नाही. वाकडी पिल्लं जन्मापासून वाकडी असतील तर दोष आनुवंशिक असण्याची शक्यता जास्त, पुढे त्यांची वीण होऊ देऊ नका. पण सरळ असलेले मासे नंतर वाकू लागले, मोठेही वाळू लागले, अंगावर जखमा दिसल्या, तर माशांचा क्षयरोग असू शकतो. त्याचे जिवाणू माणसाच्या त्वचेतल्या जखमेतही शिरतात, म्हणून हाताला कापलेलं असताना अशा टाकीत हात घालू नका आणि तिची जाळी दुसऱ्या टाकीत वापरू नका.

प्रश्न: चार गप्पींचे आता साठ झाले. टाकी ८० लिटरची आहे. काही जवळच्या तळ्यात सोडले तर चालतील का?

उत्तर: नाही. तळ्यात नाही, विहिरीत नाही, ओढ्यात नाही, गटारात नाही. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला आणि आज जगभरच्या पाण्यात पसरलेला मासा आहे. तो स्थानिक माशांची अंडी आणि पिल्लं खातो, त्यांचं अन्न वाटून घेतो. त्याचा चुलतभाऊ असलेला गंबुसिया मासा जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक जातींच्या यादीत आहे. एका गाभण मादीपासूनही नवी वस्ती उभी राहू शकते.

आजच नर-माद्या वेगळ्या करा. चौथ्या आठवड्याच्या सुमारास नराचा पोटाखालचा पर अरुंद होऊ लागतो. रंगाची वाट बघू नका, तोवर उशीर होतो. माद्या इतरांना द्या, पण त्या गाभण असणार हे सांगून द्या. स्वतःकडे फक्त नर ठेवले तर ८० लिटरमध्ये वीस-पंचवीस आरामात राहतात. त्यानंतरही वेगळ्या केलेल्या माद्यांना तीन-चार महिने पिल्लं होत राहतील. ती सगळी जगवलीच पाहिजेत असं नाही. वनस्पती कमी केल्या की मोठे मासे बहुतेक पिल्लं खातात. त्यात तुमच्याकडून क्रूरपणा होत नाही.

प्रश्न: पिल्लं दिसावीत म्हणून आठवडाभर टाकीचा दिवा रात्रंदिवस चालू आहे. चालेल का?

उत्तर: नको. दहा-बारा तास उजेड आणि बाकी अंधार ठेवा, नाहीतर पिल्लं थकतात आणि काचांवर शेवाळ माजतं. दिवा एकदम मालवला तर पिल्लं दचकून काचेवर आदळतात. म्हणून टाकीचा दिवा आधी बंद करा, खोलीतला दिवा वीस मिनिटं चालू ठेवा आणि मग तो मालवा. सकाळी याच्या उलट क्रम ठेवा, आणि पहिलं खाणं दिवा लावल्यावर अर्ध्या तासाने द्या.